ताकद नेमकी कुठे जाते : फोर बाय फोर गाडीसाठी डिफरन्शियल आणि ट्रान्सफर केस निवडताना

प्रस्तावना

ऑफ-रोडिंगसाठी गाडी घ्यायला निघालेला माणूस आधी इंजिनाबद्दल विचारतो, मग टायरबद्दल. पैसे उरले असतील तर विंचबद्दल. इंजिन आणि टायर यांच्या मधे जे काही असतं त्याची चौकशी सहसा होत नाही. ते गाडीखाली असतं, चिखलाने माखलेलं असतं आणि शोरूममध्ये दाखवण्यासारखं त्यात काही नसतं. पण ओढ्याच्या उतारावर किंवा शेताच्या बांधावर गाडी निघणार की रुतणार, हे तिथेच ठरतं. या पुस्तकाचा विषय ते दोन डबे आहेत. एक्सलच्या पोटातला डिफरन्शियल आणि गिअरबॉक्सच्या पाठीला चिकटलेला ट्रान्सफर केस.

डिफरन्शियलचं काम सगळ्यांना साधारण ठाऊक असतं. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावं लागतं, म्हणून एकाच एक्सलवरच्या दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी ही गिअरची रचना. फ्रान्समधल्या ओनेसिफोर पेकरने १८२८ मध्ये वाफेवरच्या गाडीसाठी तिचं पेटंट घेतलं. म्हणजे पेट्रोलवर चालणारी मोटार जन्मायच्या कितीतरी आधी वळणाचा प्रश्न सुटला होता. चिखलाचा प्रश्न तेव्हा कुणाच्या डोक्यातच नव्हता, आणि ज्या रचनेने वळण सोपं केलं तिनेच चिखल अवघड केला.

याबद्दल एक गैरसमज गॅरेजपासून चहाच्या टपरीपर्यंत सगळीकडे ऐकू येतो. ‘घसरणाऱ्या चाकाकडे सगळी ताकद जाते.’ घसरणाऱ्या चाकाकडे जातात ते फेरे. पीळ, म्हणजे टॉर्क, साधा डिफरन्शियल दोन्ही चाकांना सारखाच वाटतो, आणि गोम तिथेच आहे. गाडी बांधावर तिरकी चढली आणि मागचं उजवं चाक अधांतरी राहिलं असं समजा. हवेतलं चाक फिरवायला जेमतेम २०-३० न्यूटन मीटर पीळ पुरतो. मग जमिनीवरच्या डाव्या चाकालाही तेवढाच मिळतो. त्या चाकावर ६०० किलो भार असेल आणि खाली बऱ्यापैकी घट्ट माती असेल, तर ते चाक १२०० न्यूटन मीटरपर्यंत पीळ पेलू शकलं असतं. त्याला तो कुणी दिलाच नाही. ॲक्सिलरेटर कितीही दाबला तरी हवेतलं चाक गरगर फिरत राहतं आणि जमिनीवरचं स्वस्थ उभं राहतं. डिफरन्शियल लॉक केला की दोन्ही चाकं एकाच दांड्यावर बसवल्यासारखी फिरतात आणि ते १२०० न्यूटन मीटर खालच्या मातीला मिळतात.

आता हाच हिशेब उलट्या बाजूने बघा. लॉक लागण्याआधी त्या डाव्या एक्सल शाफ्टवर ३० न्यूटन मीटरचा भार होता, लॉक लागल्यावर १२०० चा आला. शाफ्ट तोच, त्याची जाडी तीच. गाडी बाहेर निघाली, पण कष्ट कमी झाले नाहीत, फक्त त्यांची जागा बदलली. डिफरन्शियल आणि ट्रान्सफर केस यांची निवड म्हणजे ही जागा ठरवणं, असं माझं मत आहे. इंजिनातून आलेला पीळ कुठे वाढवायचा, कुठे वाटायचा आणि सगळ्यांत जास्त ताण कोणत्या भागाने सोसायचा, हे मालकाने ठरवलं नाही तर गाडी आपल्या परीने ठरवते. बहुधा अंधार पडल्यावर.

चारही चाकांना ताकद द्यायची कल्पना जुनी आहे. नेदरलंड्समधल्या स्पायकर कंपनीने १९०३ मध्ये तशी गाडी बनवली होती, आणि अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या क्लिंटनव्हिल गावात झॅकाव आणि बेसरडिक या दोघांनी १९०८ च्या सुमारास. पण हा विषय सामान्य माणसाच्या हातात आणला तो दुसऱ्या महायुद्धातल्या जीपने. विलिस एमबीच्या मधोमध स्पायसरचा मॉडेल १८ हा ट्रान्सफर केस होता. एक दांडा पुढची चाकं जोडायला, दुसरा लो गिअर घालायला. लोमध्ये तो फेरे १.९७ पटीने कमी करायचा आणि पीळ तेवढ्याच पटीने वाढवायचा. एक्सलचा रेशो ४.८८. युद्ध संपल्यावर १९४५ मध्ये शेतकऱ्यांसाठी सीजे-२ए आली तेव्हा विलिसने इंजिन जवळजवळ तेच ठेवलं आणि बदल केले ते पाठीमागच्या डब्यांत. ट्रान्सफर केसचा लो २.४६ झाला, एक्सल ५.३८.

या गाडीचा हिशेब एकदा पूर्ण करून बघण्यासारखा आहे. पहिला गिअर २.७९८, ट्रान्सफर लो २.४६, एक्सल ५.३८. तिघांचा गुणाकार साधारण ३७. याला क्रॉल रेशो म्हणतात. इंजिनाचे ३७ फेरे झाले की चाकाचा एक. इंजिन ६० हॉर्सपॉवरचं, पीळ १४२ न्यूटन मीटर. ३७ ने गुणला की चाकांपर्यंत पाच हजार न्यूटन मीटरच्या वर जातो. टायरच्या त्रिज्येने भागलं आणि गिअरमधल्या घर्षणाचा वाटा वजा केला, तरी ओढण्याचं बळ हजार किलोच्या पुढे राहतं. गाडीचं स्वतःचं वजन जेमतेम एक टन. तिच्याकडे स्वतःच्या वजनापेक्षा जास्त ओढ आहे, आणि एवढी ओढ टायर आणि जमीन मिळून कधी घेऊच शकणार नाहीत. ऐंशी वर्षांपूर्वीच्या ६० हॉर्सपॉवरच्या गाडीला ताकद कमी पडत नव्हती. आज १५० हॉर्सपॉवरची गाडी चिखलात अडकली म्हणून इंजिन रीमॅप करायला निघालेल्यांनी हा गुणाकार आधी करावा.

महिंद्रांनी मुंबईत जुळवायला आणि पुढे बनवायला घेतलेल्या जीप याच घराण्यातल्या. म्हणून महाराष्ट्रातल्या गॅरेजवाल्यांच्या दोन-तीन पिढ्या याच रचनेवर शिकल्या. पुढचं एक्सल गरजेपुरतं जोडायचं, काम झालं की सोडवायचं. याला पार्ट-टाइम पद्धत म्हणतात. तिच्यात पुढच्या-मागच्या एक्सलच्या मधे डिफरन्शियल नसतो, दोन्ही प्रॉपेलर शाफ्ट एकमेकांना पक्के बांधलेले असतात. मातीत हे उत्तम, कारण टायर थोडा घसरून फरक भरून काढतो. डांबरावर मात्र वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा लांबचा रस्ता कापतात, तो फरक जायला जागा नसते आणि सगळी साखळी पिळत जाते. मग टू-व्हीलचा दांडा हलत नाही. ड्रायव्हर शिव्या देतो. जाणता माणूस चार हात रिव्हर्स घेतो आणि दांडा आपसूक सुटतो.

लँड रोव्हरने १९४८ मध्ये सुरुवात करताना या अडचणीवर वेगळा तोडगा काढला होता. चारही चाकं कायम जोडलेली, पण पुढच्या बाजूला फ्रीव्हील, म्हणजे पुढची चाकं जास्त वेगाने फिरू शकत. काही वर्षांत त्यांनी तो नाद सोडून दांडा दिला. १९७० च्या रेंज रोव्हरमध्ये मात्र त्यांनी मधोमध तिसरा डिफरन्शियल घातला. गाडी कायम फोर-व्हीलमध्ये, डांबरावरही, आणि गरज पडली की मधला डिफरन्शियल लॉक. पुढे आलेला एलटी२३० हा त्यांचा ट्रान्सफर केस याच वंशातला. सगळा गिअरवर चालणारा, आत साखळी नाही, लो रेशो ३.३२. तो थोडा गुणगुणतो, तेल थोडं गाळतो आणि वर्षानुवर्षं चालतो. मला हा डबा आवडतो, हे लपवण्यात अर्थ नाही. अमेरिकेत आणि जपानमध्ये पुढे साखळीचे ट्रान्सफर केस रूढ झाले. हलके, शांत, पण साखळी कालांतराने सैल पडते. त्या गाडीला किती मोठे टायर लावणार, यावर तो फायदा परवडतो की नाही हे अवलंबून.

डिफरन्शियल लॉक करणारा लॉकर हा या क्षेत्रातला सगळ्यांत भांडखोर विभाग. अर्धवट लॉक होणारा, कॅम आणि सरकत्या पिनांवर चालणारा एलएसडी (लिमिटेड स्लिप डिफरन्शियल) युद्धाआधीच झेडएफने रेसिंगसाठी बनवला होता. जर्मन सैन्याच्या क्युबेलवागनमध्ये फक्त मागची चाकं चालत, पण त्यांना असा स्वतःहून आवळणारा डिफरन्शियल होता, चाकाजवळ उंची देणारे पोर्टल गिअर होते आणि गाडी हलकी होती. तेवढ्यावर ती वाळूत आणि चिखलात अनेक जड फोर-व्हील गाड्यांच्या बरोबरीने चालली. नुसत्या ‘फोर बाय फोर’ या बिल्ल्यावर भाळणाऱ्यांनी हे उदाहरण लक्षात ठेवावं. टॉर्सेन प्रकारात फक्त गिअर असतात आणि तो जास्त पकड असलेल्या चाकाला कमी पकडीच्या चाकाच्या काही पट पीळ देतो. पण एक चाक पूर्ण हवेत गेलं की त्याच्या वाट्याला जवळजवळ शून्य येतं आणि शून्याची कितीही पट शून्यच. तिथे ब्रेक हलकासा दाबून त्या चाकाला खोटी पकड द्यावी लागते. डेट्रॉइट लॉकर आपणहून लागतो आणि वळणावर आपणहून सुटतो, कधी कधी असा ठणका देऊन की शेजारी बसलेला दचकावा. आपल्याकडे थारच्या मागच्या एक्सलमध्ये मिळणारा मेकॅनिकल लॉकिंग डिफरन्शियल आणखी वेगळा. दोन चाकांच्या वेगातला फरक ठरावीक मर्यादेबाहेर गेला की आतली वजनं बाहेर फेकली जातात आणि तो लागतो. म्हणजे लागण्यासाठी आधी चाक थोडं घसरावंच लागतं. संकोचाने अर्धवट ॲक्सिलरेटर दिला तर तो लागत नाही, आणि मग लॉकर बिघडल्याची तक्रार घेऊन लोक सर्व्हिस सेंटरला जातात.

हवं तेव्हा लावायचा आणि हवं तेव्हा सोडायचा लॉकर हा या सगळ्यांत समजायला सोपा. मर्सिडीजच्या जी-वागनने १९७९ पासून तो रूढ केला. ऑस्ट्रेलियातल्या एआरबीने १९८७ मध्ये एक स्थानिक कंपनी विकत घेऊन हवेवर चालणारा लॉकर जगभर नेला. फोर्सच्या गुरखामध्ये पुढे आणि मागे दोन्हीकडे असे लॉक कंपनीतूनच येतात, आणि एवढ्या किमतीत ही गोष्ट देणाऱ्या गाड्या जगात फार नाहीत. जिम्नीसारख्या गाड्यांत लॉकऐवजी ब्रेक वापरतात. फिरणाऱ्या चाकाला गाडीच ब्रेक लावते, म्हणजे त्याच एक्सलवरच्या दुसऱ्या चाकाला तेवढा पीळ मिळतो. थोड्या वेळापुरतं हे चांगलं चालतं. अर्धा तास चढणीवर झगडत राहिलात तर ब्रेक तापतात.

लॉकर लावला म्हणजे सगळं साधलं असं मात्र नाही, आणि सह्याद्रीत तर नाहीच. पावसाळ्यात ओल्या जांभ्यावरून गाडी आडव्या उतारावर नेताना साधा डिफरन्शियल एक उपकार करतो. एक चाक घसरलं तरी दुसरं न फिरता जमीन धरून ठेवतं आणि गाडीचं बूड खाली सरकत नाही. तिथे मागचा लॉक लावला की दोन्ही चाकं एकदम सुटतात आणि बूड दरीच्या बाजूला निघतं. पुढचा लॉक लावल्यावर स्टिअरिंग दगडासारखं होतं, आणि पूर्ण वळवलेल्या चाकावर जोर दिला तर आधी जातो तो पुढचा सीव्ही जॉइंट. लॉक कधी लावायचा याइतकंच तो कधी काढायचा हे शिकावं लागतं. या पुस्तकाची बरीच पानं त्यावर खर्ची पडली आहेत.

जमिनीवरून निवड ठरवायची म्हणजे काय, तेही सांगतो. कोकणातला कातळ, ओढ्यातले गोटे, जुन्या घाटवाटा यांना मुंगीच्या पावलांचा वेग लागतो. तिथे क्रॉल रेशो जितका मोठा तितकं क्लचचं आयुष्य जास्त. पुण्याजवळ रांजणगावात जुळवल्या जाणाऱ्या जीप रँग्लर रुबिकॉनचा ट्रान्सफर लो ४ आहे. तिच्या आधीच्या पिढीतल्या मॅन्युअल गाडीचा एकूण क्रॉल रेशो ७३ होता, सीजे-२एच्या जवळजवळ दुप्पट. मराठवाड्यातली काळी माती मात्र याच्या नेमकं उलट मागते. ती टायरच्या खाचांत बसते आणि चाक वेगाने फिरल्याशिवाय निघत नाही. तिथे ७३ चा क्रॉल घेऊन गेलात तर इंजिन किंचाळतं, चाकं हळूहळू फिरतात आणि गाडी सावकाश, मोठ्या डौलाने रुतते. वाळूलाही वेग लागतो. गोव्यात भर पावसात होणाऱ्या रेनफॉरेस्ट चॅलेंजसारख्या स्पर्धेत एकाच दिवसात दोन्ही प्रकार समोर येतात. म्हणून तिथल्या गाड्यांची गणितं घरच्या गाडीला जशीच्या तशी लावू नयेत.

आणखी एक प्रश्न आहे, ज्याची चर्चा फारच कमी होते. पीळ वाढवायचा तर कुठे? ट्रान्सफर केसमध्ये वाढवला तर त्याच्या मागे असलेल्या सगळ्यांवर ताण येतो. प्रॉपेलर शाफ्ट, त्याचे क्रॉस, पिनियन, क्राउन, एक्सल शाफ्ट, सगळे. एक्सलमध्ये वाढवला तर प्रॉपेलर शाफ्ट सुटतो, पण रेशो वाढवायचा म्हणजे पिनियन लहान करावं लागतं आणि लहान पिनियनचे दात नाजूक. युनिमॉगसारखं अगदी चाकाजवळ, पोर्टल गिअरमध्ये वाढवलं तर आतले सगळे भाग निवांत राहतात आणि एक्सलही उंच होतं, पण खर्च आणि वजन दोन्ही वाढतं. मारुतीची जिप्सी हे याचं आपल्या ओळखीतलं उदाहरण. १३०० सीसीच्या जिप्सीचा ट्रान्सफर केस हायमध्येही १.४०९ आहे, लोमध्ये २.२६८. ३१ इंची टायर लावला की मूळ रेशोतली पंधरा टक्क्यांच्या आसपास ओढ तिथेच खर्च होते. ती परत मिळवायला लोक ट्रान्सफर केसमध्ये ४ च्या वरचे गिअर बसवतात. गाडी अप्रतिम चढते. फक्त तिचं पुढचं एक्सल मूळच्या छोट्या टायरसाठी आणि मूळच्या लो गिअरसाठी बनवलेलं असतं, आणि ही गोष्ट त्या एक्सलला कुणी विचारलेली नसते.

आज हे पुस्तक का, याचं कारण आपल्या रस्त्यांवर दिसतं. जिप्सी २०१९ मध्ये सामान्य ग्राहकांसाठी बंद झाली. २०२० मध्ये नवी थार, २०२१ मध्ये नवा गुरखा, २०२३ मध्ये पाच दरवाज्यांची जिम्नी आली. त्यामुळे जुन्या जीप-जिप्सी दुरुस्त करून चालवणारे आणि शोरूममधून लो गिअर विकत घेणारे, असे दोन वर्ग एकाच चढणीवर एकमेकांमागे उभे असतात आणि दोघांची भाषा वेगळी असते. परदेशातले लॉकर, गिअर सेट आता पंधरा दिवसांत घरपोच येतात. ते बसवणारे हात मात्र त्या वेगाने तयार होत नाहीत. मोटर वाहन कायद्याचं कलम ५२ आणि विमा यांचाही प्रश्न आहे, कारण कंपनीने न दिलेला बदल कागदावर कसा बसतो हे अपघात होईपर्यंत कुणी बघत नाही.

बसवणाऱ्या हातांबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं. लॉकर बदलायचा म्हणजे क्राउन व्हील काढून नव्या हाउसिंगवर चढवायचं आणि पिनियनशी त्याचं नातं पुन्हा जुळवायचं. चांगला मिस्त्री क्राउनच्या चार-सहा दातांना मार्किंगचा रंग लावतो, पिनियन दोन्ही दिशांना फिरवतो आणि उमटलेला ठसा बघतो. ठसा दाताच्या मधोमध हवा. टोकाला सरकला असेल किंवा मुळाशी खोल गेला असेल तर सगळं पुन्हा उघडून पाव मिलिमीटरपेक्षाही पातळ शिम बदलायचे, डायल गेज लावून बॅकलॅश मोजायचा, मिलिमीटरच्या सहाव्या-सातव्या भागाच्या आसपास आणायचा, आणि ठसा पुन्हा घ्यायचा. यात एक अख्खा दिवस जातो आणि गिऱ्हाईकाला त्याचे पैसे जास्त वाटतात. जुने शिम तसेच ठेवून ‘बसतंय’ म्हणणारा मिस्त्री दोन तासांत मोकळा करतो. मग साठच्या वेगाला मागून सायरनसारखा आवाज सुरू होतो आणि दोष आयात केलेल्या लॉकरला दिला जातो.

या पुस्तकात कोणत्या गाडीला कोणता लॉकर, असा तक्ता मिळणार नाही. तसा तक्ता वर्षभरात शिळा होतो. वाचकाने आपल्या गाडीचं वजन, टायर, रेशो आणि आपण जिथे जातो ती जमीन एवढं हाताशी ठेवावं आणि ताण कुठे जाईल याचा हिशेब स्वतः करावा, इतकीच अपेक्षा आहे. गणित आठवीच्या वरचं नाही. जिथे माझी आवडनिवड आली आहे तिथे ती उघड लिहिली आहे. मध्यम वजनाच्या, रोज वापरायच्या गाडीत आधी मागे एक हवं तेव्हा लागणारा लॉक, मग लो रेशो आणि पुढचा लॉक सगळ्यांत शेवटी, हा माझा क्रम. स्पर्धा खेळणाऱ्यांना तो पटणार नाही. विजेच्या गाड्यांना एक छोटा भाग दिला आहे. मर्सिडीजच्या विजेवरच्या जी-क्लासमध्ये प्रत्येक चाकाला स्वतंत्र मोटर आहे, म्हणजे डिफरन्शियल नाही आणि लॉकचं काम संगणक करतो. तरी त्यातही लो रेंजचा गिअर ठेवावाच लागला आहे.

वाचायला सुरुवात करण्याआधी आपल्या एक्सलचा रेशो माहीत असावा, कारण पुढचे सगळे हिशेब त्यावर आहेत. रेशोची पाटी गंजली असेल तर असं करा. जागा सपाट हवी, पुढच्या चाकांना आणि जमिनीवर राहणाऱ्या मागच्या चाकाला पुढून-मागून दगड लावा, गाडी टू-व्हीलमध्ये, गिअर न्यूट्रल, हँडब्रेक सोडलेला. मागचं एकच चाक जॅकवर उचला. प्रॉपेलर शाफ्टवर खडूची खूण करा. उचललेलं चाक हाताने बरोबर दोन फेरे फिरवा आणि दुसऱ्याला शाफ्टचे फेरे मोजायला सांगा. एक चाक स्थिर असल्यामुळे दोन फेऱ्यांमागे क्राउनचा एकच होतो. म्हणून शाफ्टचे जेवढे फेरे तेवढा रेशो. पाच आणि वर तिसऱ्या हिश्श्यापेक्षा थोडं जास्त भरलं तर तुमच्याकडे अजून जुनं ५.३८ आहे. आणि चाक हाताने हललंच नाही, तर आत लॉकर किंवा एलएसडी बसवलेला आहे आणि गाडी विकणाऱ्याने तुम्हाला ते सांगितलेलं नाही.